गुडघेवाल्या काकांचा ठराव

माणसाची खरी ओळख त्याच्या गुडघ्यात असते असं मानणारा अख्ख्या अमेरिकेत एकच माणूस असेल, आणि तो ईडन प्रेरीत आमच्यापासून तीन घरं सोडून राहायचा. त्यांचं नाव सगळ्यांना ठाऊक होतं, पण ते कुणी घेत नसे. ते गुडघेवाले काका. नागपूरहून चाळीसेक वर्षांपूर्वी डॉक्टर होऊन आले, इथे हाडांचे सर्जन झाले, मिनेसोटाच्या बर्फावरून घसरणाऱ्या दोन पिढ्यांचे गुडघे त्यांनी दुरुस्त केले, आणि रिटायर झाल्यावर हे वेड कमी व्हायच्या ऐवजी बळावलं. गावात नवीन मराठी कुटुंब आलं की आपण विचारतो, मूळचे कुठले, नोकरी कुठे. काका त्यांना गाडीतून उतरताना बघत आणि 'डावा गेला' एवढंच पुटपुटत. माझ्या सासूबाई पहिल्यांदा इथे आल्या तेव्हा एअरपोर्टवरून येऊन त्या दारात चपला काढत होत्या, तोवर तीन घरांपलीकडून काकांचं निदान झालं होतं आणि तासाभरात काकू गुडघ्याचा पट्टा घेऊन हजर. सासूबाईंनी तो नागपूरला नेला आणि पुढे वर्षभर शेजारणींना खास अमेरिकेचा म्हणून दाखवला.

काकांची मुख्य ओपीडी मात्र आंबेडकर जयंतीला चाले. त्या दिवशी आम्ही एका शाळेचा जिम भाड्याने घेतो, सतरंज्या घालतो, बुद्धवंदना होते आणि ती संपली की शंभरेक माणसं एकदम जमिनीवरून उठतात. हा क्षण काकांचा. हात जोडलेले, डोळे अर्धे मिटलेले, पण नजर पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत फिरून आलेली. "चेहऱ्यावर जाऊ नको," ते माझ्या कानात सांगत. "चेहरा हसूनच राहते. उठताना हात कुठं टेकते ते पाह्य. मांडीवर टेकला, तर अजून वेळ आहे. जमिनीवर टेकला, तर खेळ संपला." वैद्यकशास्त्रात ते पुष्कळ काही शिकले असणार, पण उतारवयात त्याचा एवढाच अर्क उरला होता. मग जेवणाच्या रांगेत ते त्या त्या माणसाला गाठून नको तो सल्ला देत आणि लोक ताट घेऊन दुसऱ्या रांगेत जात.

मेडिकल कॉलेजात ते विकेटकीपर होते. अमेरिकेत आले तेव्हा आसपास क्रिकेट नव्हतं, म्हणून एका रविवारी बेसबॉल बघायला गेले आणि तिथे त्यांना कॅचर दिसला. तीन-तीन तास उकिडवा बसून, येणारा प्रत्येक चेंडू पकडणारा माणूस! हाडांच्या डॉक्टरचं काळीज तिथेच गेलं. मला हा खेळ त्यांनीच शिकवला आणि तो कॅचरपासून सुरू होऊन कॅचरवरच संपला. "मैदानात नऊ जणं असतात," ते म्हणत. "आठांचं तोंड एकीकडं, हा एकटा उलटा. म्हणून आख्खी टीम फक्त यालाच दिसते." हे सांगताना त्यांचा आवाज जरा ओला व्हायचा. आतून काकूंचा आवाज यायचा, "आणि आख्खा भांड्यांचा ढीग फक्त मलाच दिसते."

आमच्या शहराच्या मोठ्या टीमचा जो कॅचर, तो काकांचा देव. त्याला ते 'म्हातारा' म्हणत. म्हातारा अडतीस वर्षांचा होता आणि काका एकाहत्तरचे. त्याच्या प्रत्येक सामन्याची नोंद त्यांनी वहीत देवनागरीत ठेवली होती. सामना रंगात आला की काका सोफ्यावरून उतरून टीव्हीसमोर त्याच्यासारखेच उकिडवे बसत. त्यांच्या बेसमेंटमधला गालिचा त्या जागी दोन पावलांच्या आकाराने झिजला होता. काकूंनी त्यावर एकदा कुंडी ठेवून पाहिली. काका कुंडी मांडीवर घेऊन बसले.

आता आमच्या टीमबद्दल सांगायला हवं. आम्हा चाळिशी ओलांडलेल्या मंडळींची एक सॉफ्टबॉल टीम आहे. दर रविवारी सकाळी पार्कात खेळते आणि बहुतेक वेळा हरते. मी तिचा कॅप्टन, कारण सगळं सामान मावेल एवढी डिकी फक्त माझ्या गाडीला आहे. कॅचर अर्थातच काका. दुसऱ्या टीमचा बॅटर पुढ्यात उभा राहिला की ते मागून अत्यंत मायेने विचारत, "आईचं हिप कसं आहे रे आता?" तो उत्तर द्यायला तोंड उघडे तोवर चेंडू काकांच्या हातमोज्यात असे. तेलुगू टीमने याबद्दल रीतसर तक्रार केली होती. तक्रार करायला आलेल्या गृहस्थांना काकांनी व्यायाम लिहून दिला.

दोन वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरात एक चेंडू उंच उडून मागे गेला. काकांनी मास्क फेकला, आभाळाकडे बघत धावत सुटले, आणि काकूंनी ज्या टेबलावर चिवड्याचे डबे मांडले होते त्या टेबलासकट आडवे झाले. आम्ही धावलो. केसांत चिवडा, गुडघा वाकडा, पण हातमोजा वर आणि त्यात चेंडू. "आधी आउट दे म्हणा त्या अंपायरला," ते म्हणाले. चौघांनी उचलून गाडीत घातलं. आयुष्यभर लोकांना एमआरआय काढायला पाठवणाऱ्या माणसाने स्वतःचा मात्र काकूंनी तीन आठवडे अबोला धरल्यावर काढला.

काका पडायच्या नेमका आठवडाभर आधी म्हाताऱ्याचाही गुडघा गेला होता. त्याचं ऑपरेशन झालं, करार संपला, आणि त्याला पुन्हा घ्यावं की नाही याची चर्चा हिवाळाभर शहरात चालली. काकांनी क्लबला स्वतःच्या जुन्या लेटरहेडवर चार पानी वैद्यकीय अभिप्राय पाठवला. त्या पाकिटाला उत्तर आलं. आत लहान मुलांच्या फॅन क्लबचं सभासदत्व आणि एक रंगीत पेन्सिल होती. काकांनी ती खिशाला लावली आणि म्हणाले, "वाचलं म्हणजे त्यांनी."

डिसेंबरात एकदा मी बर्फ काढत होतो तेव्हा काकू मुद्दाम चालत आल्या. "हे पाह्य बापू," त्या म्हणाल्या, "यांनी त्या म्हाताऱ्याचं जे लावलं आहे ना, ते त्याचं नाही आहे. यांना उन्हाळ्यात परत खेळायचं आहे. यांच्याच हाताखाली शिकलेला डॉक्टर सांगते, परत पडले तर मग चालणं कठीण. माझं ऐकत नाहीत. तू कॅप्टन आहेस, तू नाही म्हण." मी हो म्हणालो, आणि पुढे महिनाभर त्यांच्या घरावरून जायचं टाळण्यासाठी ऑफिसला लांबच्या रस्त्याने गेलो. बेचाळीस वर्षांचा माणूस मी, पण त्या माणसासमोर उभा राहून 'काका, आता पुरे' म्हणायची कल्पनाच मला सहन होत नव्हती.

शेवटी काकांनीच सभा बोलावली. आमच्या लोकांचा ठरावावर फार जीव. अन्याय शाळेत होवो की पार्किंगमध्ये, ठराव झाल्याशिवाय आम्हाला तो अन्याय वाटतच नाही. व्हॉट्सअॅपवर रीतसर विषयपत्रिका आली. विषय एक, म्हाताऱ्याला आणखी एक वर्ष घ्यावं असा क्लबला आग्रह करणारा ठराव. विषय दोन, आपल्या टीमची यंदाची निवड. सूचक काका, अध्यक्ष मी. दुसरा विषय वाचून माझं जेवण गेलं.

जानेवारीतल्या एका शनिवारी दुपारी काकांच्या बेसमेंटमध्ये आम्ही बारा जण जमलो. काकांनी कोट घातला होता. ठराव त्यांनी उभं राहून वाचला, दीड पान, त्यात 'सबब' तीनदा. मग मी विचारलं, "अनुमोदन कोण देतंय?" सगळे आपापल्या मोज्यांकडे बघायला लागले. रेडमंडच्या सॉफ्टवेअर कंपनीतून नुकताच बदलून आलेला एक जण लॅपटॉप उघडून म्हणाला, "काका, रिस्पेक्ट आहे, पण डेटा एकदम क्लिअर आहे. थर्टी-एटचा कॅचर, त्यात नी सर्जरी. रिस्क आहे यार."

"तू टाचेवर चालतो," काका म्हणाले. "तू नको बोलू."

तेवढ्यात जिन्यावरून आवाज आला. "माझं अनुमोदन. चला पुढे, पोहे थंड होऊन राहिले." काकू हातात ट्रे घेऊन उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

मग काका पुरावा दाखवायला उठले. म्हाताऱ्याच्या शेवटच्या सामन्याचा व्हिडिओ त्यांनी टीव्हीवर लावला. तो सामना त्यांनी तेव्हा पाहिला होता, पण नेहमीप्रमाणे टीव्हीसमोर उकिडवे बसून, म्हाताऱ्याच्या बरोबरीने चेंडू पकडत. उभं राहून, डॉक्टरच्या नजरेने, आज पहिल्यांदाच बघत होते. "आता पाहा, कसा उठते," ते म्हणाले. पडद्यावर म्हातारा चेंडू पकडून उठला. काकांनी व्हिडिओ मागे घेतला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला.

"हात टेकला," ते हळूच म्हणाले.

"कुठे काका?" लॅपटॉपवाल्याने विचारलं.

"असा," म्हणत, आम्ही हां हां म्हणेपर्यंत, काका त्या झिजलेल्या दोन पावलांवर खाली बसले. बसले ते अगदी ऐटीत, पाठ ताठ, डावा हात पुढे. आणि मग तसेच बसून राहिले. सगळे त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. चेहरा हसत होता. मला त्यांनी शिकवलेलं, म्हणून मी हाताकडे बघत होतो. हात आधी मांडीवर आला. तिथे थांबला. पुन्हा एकदा जोर लावला. मग तो सावकाश खाली गेला आणि गालिच्यावर टेकला.

त्यांनी मान वर करून मलाच विचारलं, "पाह्यलं?"

"हो काका."

मी हात पुढे केला. त्यांनी तो धरला, उठले, कोट झटकला. "लिही बापू इतिवृत्तात. सूचकानं ठराव मागे घेतला."

"आणि विषय दोन?" मी विचारलं.

"त्यातही तेच लिही." मग कपाटावरचा तो जुना, तेल पाजलेला हातमोजा काढून त्यांनी माझ्या छातीवर आपटला. "काहून पाहून राहिला बे? गुडघे चांगले आहेत तुझे. डोकं नाही, पण ते मी पाहून घेतो." काकू ट्रे ठेवून वर निघून गेल्या. त्या दिवशी पोहे कुणी गरम केलेच नाहीत.

पुढच्याच आठवड्यात क्लबने म्हाताऱ्याला एका वर्षासाठी परत घेतलं! मला वाटलं काका आनंदाने नाचतील. ते दोन दिवस संतापलेले. "चूक केली. पेशंटकडे नीट पाह्यलंच नाही त्यांनी. पत्र लिहितो." पत्र काही लिहिलं नाही. त्याचे सगळे सामने मात्र बघितले, सोफ्यावर बसून.

त्या उन्हाळ्यात मी कॅचर आणि काका माझ्या मागे, जाळीच्या पलीकडे, घडीच्या खुर्चीवर. "बूड खाली! कोपर आत! झोपला का बे?" असा अखंड मारा. मी वैतागून मागे वळलो की ओरडत, "मागं नको पाहू, तुझी आठ माणसं पुढं आहेत." त्या वर्षी आम्ही चार सामने जिंकलो. आमच्या इतिहासात असं कधी झालं नव्हतं.

मग पानगळीत त्यांनी घर विकलं. जिने नसलेलं घर हवं होतं, आणि मुलगी न्यू जर्सीत आयसेलिनजवळ राहते. आता दर आठवड्याला तिथल्या बातम्या येतात. ओक ट्री रोडवरच्या साड्यांच्या दुकानात बायका तासन् तास मांडी घालून बसतात, उठताना एकही हात टेकत नाही, वगैरे. त्यांचा सूर उत्साहाचा असतो. मला मात्र त्यांची फार आठवण येते, आणि ती त्यांना फोनवर सांगता येत नाही, कारण ते लगेच विचारतात, "गुडघा कसा आहे?"

परवा यंदाचा पहिला सामना झाला. सहाव्या डावात उठताना माझा हात आपोआप मांडीवर टेकला. माझंच लक्ष गेलं आणि कुणाला तरी दाखवावं म्हणून मी मागे वळलो. जाळीपलीकडे नुसतं गवत होतं. खुर्चीची जागा सोडून लोकांनी खाऊचं टेबल लांब मांडलं होतं, कुणीही न सांगता.

घरी आल्यावर फोन केला आणि सांगितलं.

"मांडीवरच ना? नक्की?"

"हो काका. मांडीवरच."

काका म्हणाले, "मग आहे बे वेळ अजून." मी मान हलवली, फोनवर दिसत नाही हे माहीत असून.