न पाहिलेला रंग

डोंबिवलीच्या हेमाताईंना चित्र काढायला सांगावं, पण कधी देणार ते विचारू नये. खालच्या मजल्यावरच्या देवयानीला हे ठाऊक होतं. ती प्राणिशास्त्र शिकवायची आणि बोटाच्या पेराएवढ्या चतुर नावाच्या किड्यांच्या एकाच कुळावर पुस्तक लिहीत होती. त्या कुळातल्या सगळ्या जातींची, जिवंत आणि नामशेष, चित्रं काढायचं काम हेमाताईंकडे होतं. एका चतुराच्या शेपटीचा लाल नेमका कोणता, हे बघायला त्यांनी नवऱ्याला, त्र्यंबकरावांना, खडवलीच्या नदीकाठी भर उन्हात उभं केलं होतं. "जन्मभर वागळे इस्टेटमध्ये मशिनं सांभाळली, आता किडे सांभाळतोय," असं ते येईल त्याला ऐकवत.

जिवंत जाती हातावेगळ्या झाल्या. घोडं अडलं ते नामशेष जातीपाशी. तिचा एकच पंख उरलेला, तोही दगडात उमटलेला.

"अंगाला रंग कुठला देऊ गं?" हेमाताईंनी विचारलं.

"कुठलाही द्या, काकू. पाहिलाय कुणी? माणूस जन्मायच्या कितीतरी आधी संपले ते."

हेमाताईंनी निळा कालवला, पुसला. शेंदरी कालवला, तोही पुसला. मग एकदम रडूच आलं, आणि ते चतुरासाठी नाही, हे त्यांचं त्यांना कळलं.

त्यांची पहिली मुलगी पोटातच गेली होती. "बघू नकोस, माया जडेल," सासूबाई म्हणाल्या. जशी काही न बघता जडत नाही! फडक्याबाहेर आलेली टाच तेवढी हेमाताईंना दिसली. पुढे साकेत झाला, मोठा झाला, नोकरीसाठी पुण्याला गेला. पण त्या टाचेला जोडून त्या मनात एक मुलगी रंगवतच राहिल्या. कधी गोरी, कधी सावळी. तिला मातीत ठेवून आले होते त्र्यंबकराव. आल्यावर त्यांनी आंघोळ केली, आणि त्यानंतर दोघांनीही तो विषय कधी काढला नाही.

चतुराला कुणी पाहिलं नव्हतं. तिला मात्र एकाने पाहिलं होतं, आणि तो माणूस बाहेर गॅलरीत मटार सोलत बसला होता.

हेमाताई हातातल्या ब्रशसकट दारात येऊन उभ्या राहिल्या.

"अहो, दिसायला कशी होती हो ती?"

कोण, असं त्र्यंबकरावांनी विचारलं नाही. हातातली शेंग त्यांनी ताटात ठेवली.

"सावळी. डोकंभर जावळ. हनुवटी थेट तुझी." त्यांनी ताट बाजूला सारलं. "विसरायला होऊ नये म्हणून रोज एकदा आठवतो गं. कधीतरी विचारशील, असं वाटायचं."