लव्हाळ्यातून आलेली ओ

सरोजाबाईंनी तेहतीस वर्षं तंजावूरच्या टेलिफोन खात्यात काढली. सुरुवातीला कानाला हेडफोन लावून त्या दिवसभर अनोळखी माणसांची नावं घेत. नवऱ्याचं नाव मात्र त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही. "अहो" म्हटलं की सेतुमाधव बघत. तेवढ्यावर चाळीस वर्षांचा संसार झाला.

सेतुमाधव ओरत्तनाडुच्या शाळेत भूगोल शिकवत. रविवारी गावाबाहेरच्या पक्ष्यांच्या तलावावर जाऊन वहीत नोंदी करत. दोन वर्षांपूर्वी त्यांना विसर पडू लागला. आधी किल्ल्या, मग रस्ते, मग मुलीचं नाव. डॉक्टर म्हणाले, आवडीच्या जागी नेत जा. म्हणून जानेवारीतल्या एका सकाळी सरोजाबाई त्यांना ऑटोने तलावावर घेऊन आल्या.

पाणी काठोकाठ भरलेलं होतं. पाण्यातल्या बाभळींवर चित्रबलाकांची घरटी होती. सेतुमाधव बांधावर उभे राहून बोटाने ती मोजत होते. तेवढ्यात चेन्नईहून मुलीचा, संगीताचा फोन आला.

"अप्पा कसे आहेत, आई?"

"बरे आहेत. हे काय, इथंच उभे आहेत," म्हणत सरोजाबाई वळल्या.

बांधावर कोणी नव्हतं.

झाडामागे असतील म्हणून त्या गेल्या. नव्हते. निरीक्षण मनोऱ्यावर चढून पाहिलं. तिथेही नव्हते. खाली उतरताना पाण्याच्या कडेला नवऱ्याच्या चपला दिसल्या, दाराशी काढून ठेवाव्यात तशा शेजारी शेजारी. पुढे माणसाच्या उंचीचं लव्हाळं होतं आणि त्यात कुठेतरी पाणी हलल्याचा आवाज येत होता.

"अहो," त्या म्हणाल्या. मग मोठ्याने, "अहो!" लव्हाळं हललं की त्यांना वाटे, तेच. दर वेळी एखादा पाणकावळा बाहेर येई. त्या तशाच पाण्यात उतरल्या. पाय पोटरीपर्यंत गाळात गेला आणि निघेना.

वनखात्याचा पहारेकरी गोपालकृष्ण धावत आला. त्याने त्यांना दंडाला धरून मागे ओढलं.

"तिकडे खोल आहे, अम्मा. नाव काय त्यांचं? नावाने बोलवा."

सरोजाबाईंचं तोंड उघडं राहिलं. मग आतून किंकाळीसारखं आलं, "सेतुमाधवा!"

बाभळींवरचे पक्षी एकदम उठले. त्यांनी पुन्हा हाक मारली. डावीकडून, शाळकरी मुलाने द्यावी तशी, बारीक ओ आली.

ते छातीभर पाण्यात एक फांदी धरून उभे होते. गोपालकृष्ण दोर घेऊन पोहोचेपर्यंत फांदी सुटू नये म्हणून सरोजाबाई एकसारखं नाव घेत राहिल्या. ते दर वेळी ओ देत होते.

बांधावर बसवल्यावर त्यांचे दात वाजत होते. "कोण बोलावीत होतं?" त्यांनी विचारलं.

"मीच," सरोजाबाई पदराने त्यांचं डोकं पुसत म्हणाल्या.

घरी येईपर्यंत त्यांनी नवऱ्याचं मनगट सोडलं नाही. नंतर पाहिलं तर त्यावर त्यांच्या बोटांचे वळ उमटले होते.

फेब्रुवारीत सेतुमाधव आपणहून म्हणाले, "तलावावर जाऊ या." तीन दिवस सरोजाबाई नाही म्हणत राहिल्या. चौथ्या दिवशी त्यांनी गोपालकृष्णाला फोन लावला आणि विचारलं, "उद्या सकाळी तुमची ड्यूटी आहे का?"