साफ केलेलं गाणं

माझ्या भाचीला घरात सगळे भुंगा म्हणतात. पाळण्यात असल्यापासून गुणगुणायची, म्हणून मीच ठेवलेलं नाव. मोठेपणी तिने चांगली चालू नोकरी सोडली, गिटार घेतली आणि स्वतः लिहिलेली गाणी गात सुटली. जुन्या चाली, नवा ठेका. पोरगी डोक्यावर पडली आहे असं माझं मत होतं आणि ते मी तिला तोंडावर सांगितलं होतं.

कितीतरी वर्षं ती कॉफीच्या दुकानांत गायली. लोक खायचे, फोनवर बोलायचे, वेटरला हाका मारायचे. ही कोपऱ्यात स्टुलावर बसून घसा फोडायची.

रेकॉर्डिंग घरीच चालायचं. खिडकीला गादी टेकवायची, दारावर रजया लटकवायच्या, पंखा बंद. माइकचा लाल दिवा लागला की घरात चिडीचूप. पलीकडच्या खोलीत माझी ताई, म्हणजे भुंग्याची आई, लोकांचे कपडे शिवायची. शिलाई मशीन ती थांबवायची, पण तोंड थांबायचं नाही. चाली मुळात तिच्याच. लेक गायला लागली की ही नकळत मागून सूर धरायची.

"आई, गप्प बस ना गं! सगळं वाया गेलं."

"अगं, लक्षातच राहत नाही माझ्या," असं म्हणून ताई ओशाळायची आणि ओठांवर बोट ठेवून शहाण्यासारखी बसायची. घटकाभराने पुन्हा तेच.

शेवटी भुंग्याने मागचे आवाज पुसणारं एक सॉफ्टवेअर आणलं. साफ झालेलं गाणं ठेवायचं, मूळ रेकॉर्डिंग उडवायचं. कॉम्प्युटरमध्ये जागा नको का! धान्यातले खडे वेचावेत तशी तिने आई वेचून बाहेर टाकली आणि अल्बम पुरा केला.

तो अल्बम चालला की हो! अनोळखी माणसं तिची गाणी गुणगुणायला लागली. मोठ्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं. मी माझं मत गुंडाळून ठेवलं.

ते बोलावणं आलं आणि पाठोपाठ ताईला झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. उपचाराला येणाऱ्या बाई म्हणाल्या, "बोलणं गेलं तरी कधीकधी गाणं शिल्लक असतं. यांच्याच आवाजातलं काही ऐकवा. सोबत गायला लागल्या, तर शब्दही येतील हळूहळू."

भुंग्याने कॉम्प्युटर पालथा घातला. जुने फोन उघडले, ओळखीच्यांना विचारलं. कुठे काही नाही.

"मावशी, मीच पुसलं गं तिला," म्हणत ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. मला तिचा राग आला होता, फार आला होता. तरी मी तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले.

मग तिने ठरवलं, अल्बममधलंच एक गाणं नव्याने रेकॉर्ड करायचं, आईला शेजारी बसवून. कार्यक्रमाला येत नाही असं कळवून टाकलं. ताईला खुर्चीत बसवलं, पाठीशी उशी दिली, दोघींच्या मधे माइक ठेवला. या वेळी गादी नाही, रजया नाहीत. भुंगा गायला लागली आणि ताई पूर्वी जिथे सूर धरायची तिथे मुद्दाम थांबली. पुन्हा गायली, पुन्हा थांबली.

"गा ना आई. तूच गा आता."

ताईचे ओठ हलले. घशातून एक बारीक सूर निघालाही, मी माझ्या कानांनी ऐकला. तेवढ्यात तिची नजर माइकच्या लाल दिव्यावर गेली. ती ओशाळली. धडधाकट हात तिने सावकाश उचलला आणि ओठांवर बोट ठेवलं.