शैलजाबाईंनी फेकलेला गठ्ठा

शैलजाबाईंची आणि माझी पहिली भेट दुबईत, डिस्कव्हरी गार्डन्स वस्तीतल्या एका इमारतीच्या जिन्यात झाली. वर हळदीकुंकू चाललं होतं आणि मी, सोळा वर्षांची, माणसं टाळून पायरीवर बसले होते. बाई खाली आल्या आणि काही न विचारता जवळच टेकल्या. "आय अॅम फाइन," मी घाईघाईने म्हटलं. "मी नाहीये गं," त्या म्हणाल्या. "माझं सगळं काम आत्ता वर पाण्यात गेलं."

बाई दुबईतल्या एका क्लिनिकमध्ये मानसशास्त्रज्ञ. चारचौघांत वाटणाऱ्या भीतीची इंग्रजी प्रश्नावली इथल्या मराठी माणसांसाठी त्या मराठीत आणत होत्या. त्या हळदीकुंकवात इथल्या मराठी मंडळाच्या उत्साही बायकांनी मदत केली ती अशी: एकीने माइकवर प्रश्न वाचायचा, बाकीच्यांनी हसत एका सुरात "नाही" म्हणायचं आणि तसंच लिहायचं! चारचौघांची भीती चारचौघांत विचारल्यावर 'हो' कोण म्हणणार? कपाळ!

पुढे मी त्यांच्याच हाताखाली काम करू लागले, तेव्हा नंतरचं कळलं. क्लिनिकचे मॅनेजर खूश होते. "मॅडम, रिझल्ट एकदम क्लीन है. यल्ला, चलो, छाप दो." मंडळाचे अध्यक्षही म्हणाले, "आपल्या माणसांत असलं काही नसतंच हो. लाजाळू असतात, इतकंच." बाईंनी दोघांदेखत त्या भरलेल्या प्रश्नावल्यांचा गठ्ठा कचऱ्याच्या डब्यात टाकला. "खलास. आता पहिल्यापासून." नोकरी गेली की व्हिसा जातो, हे इथे कुणाला सांगायला नको. तरी बाई बधल्या नाहीत.

मग एकेकाला, दार लावून, प्रत्येक प्रश्न त्याच्या शब्दांत सांगायला लावलं. 'मोठ्यांसमोर नजर खाली जाते' याला सगळेच हो म्हणाले, कारण आपल्याकडे ती रीतच. बाईंनी तो प्रश्न काढला आणि नवा घातला: 'पाहुणे आले की तुम्ही आत निघून जाता, आणि ते जाईपर्यंत छाती धडधडत राहते का?'

त्या एकेकांत तेव्हा मीही होते. या नव्या प्रश्नाला मी 'नेहमी' लिहिलं. बाईंनी आईला बोलावून घेतलं. आई घाबरली. "म्हणजे ही आजारी आहे? अहो, सगळे हिला किती गुणी, शांत म्हणतात!"

"हिला त्रास होतोय," बाई म्हणाल्या, "आणि तुम्ही सगळे त्याचं कौतुक करताय."

इतकं स्पष्ट माझ्या बाजूने तोवर कुणीच बोललं नव्हतं. मला रडू कोसळलं. बाईंनी डबा उघडून शिरा पुढे केला आणि मी खात असताना मुद्दाम खिडकीबाहेर बघत बसल्या. कुणी बघत असलं की माझा घास अडतो, हे त्यांना न सांगता कळलं होतं.

आज बाईंना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. हा लेख त्यांच्या गौरवग्रंथात छापून समारंभातही वाचला जाणार आहे. आयोजक प्रेमाने म्हणाले, "तुम्हाला अवघड जाईल, दुसरं कुणी वाचेल." नाही. मीच वाचणार. आवाज कापेल, तर कापू दे. घशाला कोरड पडली तर पाणी पिईन आणि पुढे वाचेन. ज्यांना चुळबुळ करायची त्यांनी खुशाल करावी.

बाई, खूप जगा, ठणठणीत राहा आणि असेच गठ्ठे फेकत राहा. एकच विनंती आहे: मी वाचत असताना खिडकीबाहेर बघू नका. माझ्याकडे बघा.