भिंतीवरचा डोंगा

ओल्या चुन्याचा वास आला की माझा राग जागा होतो. मार्गशीर्षातली ती सकाळ होती; कापलेल्या धानाचा गोडसर गंध हवेत रेंगाळत होता, तलावावरून कोवळं ऊन शाळेच्या व्हरांड्यात उतरत होतं, रंगारी जुनी भिंत खरवडत होता आणि मी, दुसऱ्या दिवशी ज्यांचा सत्कार होता त्या म्हाताऱ्या गुरुजींचा चारचौघांत पाणउतारा कसा करायचा, याचे शब्द मनात घोळवत होते. हो, सूडच म्हणा. याच शाळेत मी शिकले, शिकवलं, निवृत्त होऊन समितीत बसले आणि सत्कारासाठी त्यांचं नाव मीच सुचवलं, ते त्या एका दिवसासाठी.

मी शाळकरी होते तेव्हा मुलचेऱ्याकडच्या आमच्या गावात बांगलादेशच्या लढाईच्या बातम्या रेडिओवर यायच्या. तालुक्याहून शाळेत एक पोस्टर आलं: नकाशावर तांबडाभडक रशिया, तिथून निळ्या समुद्रावरून आपल्याकडे निघालेलं तोफांचं जहाज आणि खाली ठळक अक्षरांत ‘मित्र पाठीशी आहे’. साऱ्या गावाला दिसेल असं ते गुरुजींना शाळेच्या भिंतीवर रंगवून हवं होतं. माझे बाबा तलावात जाळं टाकणारे. पण लग्नघरच्या भिंती गेरूनं रंगवाव्यात तर त्यांनीच. तीन दिवस खपून त्यांनी रशिया काढला, समुद्र काढला, खालची अक्षरं उतरवली आणि जहाजाच्या जागी काढला डोंगा, एकाच लाकडातून कोरलेली होडी, आमच्या दारात असायची तशी.

गुरुजींनी मुलांना रांगेत बसवलं, बाबांना भिंतीपाशी उभं केलं आणि विचारलं, हे जहाज आहे?

“समुद्र मी पाह्यला नाई, गुरुजी. पुरात मदतीले येते तो डोंगाच,” बाबा म्हणाले.

सारी शाळा हसली. गुरुजींनी त्यांनाच चुन्याची बादली आणायला लावली, त्यांच्याच हातानं तो नकाशा झाकायला लावला, आणि बाबांनी मुकाट्यानं चुना मारला. त्यानंतर शेवटपर्यंत त्यांनी गेरूला हात लावला नाही. लग्नघरची बोलावणी आली की ते जाळं खांद्यावर टाकून तलावाकडे निघून जात. त्या पाठमोऱ्या बाबांसाठी मी गुरुजींचा द्वेष केला, मनापासून केला.

“बाई, इकडे या जरा,” रंगाऱ्यानं हाक मारली. सुपाएवढा पोपडा भिंतीवरून निखळला होता आणि खालून गेरूचा रशिया, निळीचं पाणी, कोळशानं रेखलेला डोंगा उन्हात आला होता. “सारे थर एकदमच सुटून राह्यले. खालचा चुना डिंकाबिगर मारला हाये. एवढं तं नवशिकाही विसरत नाई. ज्यानं मारला, त्यानं जाणूनच मारला असन.”

डिंकाशिवाय चुना भिंत धरत नाही, हे बाबांना ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? मुकाट राहून त्यांनी गुरुजींचा हुकूम पाळला होता आणि त्याच हातानं मोडलाही होता. मला हसू फुटलं, उकळ्या फुटल्या म्हटलं तरी चालेल. आता भाषण कशाला हवं? गुरुजींची खुर्ची भिंतीकडे तोंड करून मांडायची आणि सत्कार होईपर्यंत त्यांना तो डोंगा बघायला लावायचा.

सर्वांत शेवटी अक्षरं उघडी पडली. ‘मित्र पाठीशी आहे.’ ती वाचताना माझं हसू ओठांवरच राहिलं. सारी शाळा हसली, असं सांगताना इतकी वर्षं मी स्वतःला सोयीनं वगळत आले होते. मी पहिल्या रांगेत होते आणि मैत्रिणींपेक्षा मोठ्यानं हसले होते, भिंतीपाशी उभ्या त्या माणसापासून आपण वेगळं दिसावं म्हणून. बादली उचलताना बाबांनी एकदाच मान वळवली होती, ती गुरुजींकडे नव्हे.

संध्याकाळी मी ठरवल्याप्रमाणे खुर्ची मांडली. गुरुजींवरचा राग गेला नव्हता; अजूनही गेलेला नाही. मग वर्गातून स्वतःसाठी आणखी एक खुर्ची ओढत आणली आणि तिच्या शेजारी, तशीच भिंतीकडे तोंड करून ठेवली.