आंदणातून उचललेला डबा

सौंदडच्या घरी मी एका बंद कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय खोलून बसले, तेव्हा आई दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. लग्नाला आलेली पोर कबाडात हात घालते, हे तिला पटेना. मी गोंदियाला आयटीआयत इलेक्ट्रॉनिक्स केलं होतं. वर्गात मुली दोनच. एका सायबर कॅफेवाल्याने दुकान बंद करताना तो डबा फेकायला काढला होता, तो मी मागून आणला.

आधी तो दिवसभर तसाच पडू दिला, कारण आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज दडून बसते. मग हिरवी वायर काळीला जोडली, तसा सप्लाय चालू झाला आणि त्याचा पंखा फिरला. रिकामा सप्लाय व्होल्टेज नीट देत नाही, म्हणून लाल वायरवर एक जाडसर पांढरा रेझिस्टर कायमचा बसवला. पत्र्याला भोकं पाडून पाच आणि बारा व्होल्टचे टर्मिनल बाहेर काढले. त्यावर जोडून तपासत मी गावातले डीव्हीडी प्लेअर, डिशच्या छत्रीचे सेट टॉप बॉक्स दुरुस्त करू लागले. लोक माझं नाव विचारत घरी यायचे. तेवढा काळ मी सुखी होते.

मग लग्न ठरलं. आमच्यात हुंडा घेत नाहीत. कपाट, कूलर, दिवाण, भांडी प्रेमाने द्यायची, एवढंच. सासरी दुरुस्तीचं दुकान टाकायचं मी मनाशी पक्कं केलं होतं. म्हणून मांडवात आंदण मांडलं तेव्हा कूलरशेजारी माझा सप्लायही ठेवला. बाबांनी तो पाहिला.

"हा डब्बा कायले ठेवला इथं? पोरीले कबाड देऊन राहिला म्हणतीन लोकं."

"बाबा, म्या बनवला हाय. मले लागते तो."

"सासरी सैपाक करशीन का रेडिओ खोलशीन?"

मांडवात हशा पिकला. नवराही हसला. धाकट्या भावाने डबा उचलून घरात नेला, आणि वर्षभरात त्याच डब्यावर बसस्टँडजवळ दुकान टाकलं. सासरी मी दोनदा दुकानाचा विषय काढला. "घरात काय कमी आहे?" एवढंच उत्तर मिळालं. तिसऱ्यांदा काढला नाही, ती चूक माझी.

सहा-सात वर्षांनी दिवाळीला माहेरी गेले, तेव्हा भावाच्या दुकानात डोकावले. तो कुणाचा तरी बॉक्स तपासत होता. माझ्या डब्याला नवा रंग लावलेला.

"मशीन कोठून आणली जी, भाऊ?" गिऱ्हाइकाने विचारलं.

"घरीच बनवली," भाऊ म्हणाला. कोणी, ते सांगितलं नाही.

माझं डोकं फिरलं. मी पुढे झाले आणि टर्मिनलवरची सैल क्लिप नीट बसवायला हात घातला.

"ताई, हात नोको लावू," तो घाईघाईने म्हणाला, "करंट लागन."

अगदी काळजीने म्हणाला तो. बारा व्होल्टचा करंट लागत नाही, हे त्याला मीच शिकवलं होतं. तरी मी हात मागे घेतला. भावावरचा राग केव्हाच निवला. मी हात का मागे घेतला, याची चीड मात्र अजून जात नाही.