झाकलेलं चित्र

त्या पुस्तकात बारा चित्रं होती आणि मी पोरांना अकराच दाखवली. एका चित्रावर मीच भाताच्या खळीने कागद चिकटवला होता.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बायकांतलीच नव्हे, सगळ्यांतच पहिली. हे सांगताना मी अजूनही आवाज खाली करत नाही. वडील धान पिकवायचे, आई दुसऱ्यांच्या भाताच्या बांधीत रोवणीला जायची आणि मी नागपूरहून बी.ए. होऊन सिंदेवाहीच्या बाजूला एका तलावाकाठच्या शाळेत आले. बालवर्ग मागून घेतला.

हेडमास्तर हसले. "बी.ए. होऊन शेंबूड पुसनार काय, बाई?"

"पुसीन."

"मंग ऐका. ढिवर मोहल्ल्यातले पोट्टे येतात चार दिवस, अन् जातात मासोळ्या धरायले. संक्रांतीपर्यंत वीस टिकले तर वर्ग राहीन. नाई तर मी बंद करतो अन् तुमाले चौथीवर टाकतो."

चौथीला कोणीही शिकवलं असतं. पाच वर्षांच्या पोराच्या हातात पुस्तक देणारं त्या गावात कोणी नव्हतं. मी ठरवलं, हा वर्ग बंद होणार नाही.

माझ्याकडे एकच हत्यार होतं. कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या बाई न्यूझीलंडच्या होत्या. मायदेशी परतताना त्यांनी मला लहान पोरांचं एक चित्रांचं पुस्तक दिलं होतं. त्यात त्यांच्याकडच्या माओरी लोकांची जुनी गोष्ट होती. धाकट्या भावाला मोठे भाऊ मासेमारीला नेत नाहीत. तो डोंग्यात लपून जातो, हाडाचा गळ टाकतो आणि समुद्रातून केवढा तरी मासा ओढून काढतो. तो मासा म्हणजेच त्यांची जमीन. भाऊ त्याच्यावर चाकू चालवतात, म्हणून त्या जमिनीला डोंगर आणि दऱ्या पडल्या.

इंग्रजी ओळींवर मी मराठी चिठ्ठ्या चिकटवत गेले. आठव्या चित्राशी हात थांबला. चाकू चालवण्याच्या आधीचं ते चित्र. धाकटा भाऊ देवाला पहिला वाटा द्यायला निघालाय आणि भावांना बजावतोय, मी येईपर्यंत हात लावू नका. मी कॉलेजात शिकून आले होते. पाण्याला वाटा, देवाला वाटा, हे पोरांच्या डोक्यातून काढायलाच तर आले होते! अख्ख्या चित्रावर कोरा कागद डकवला आणि पुढे गेले.

पोरं गोष्टीला अशी चिकटली की सुट्टीची घंटा झाली तरी उठेनात. रोज तीच गोष्ट. एके दिवशी मोहल्ल्यातली पाच वर्षांची एक पोरगी, नाकात काडी घातलेली, कोऱ्या कागदावर बोट ठेवून म्हणाली, "बाई, पयली मासोळी त्यायनं पान्यात सोडली काय?"

आमच्याकडे धान कापून झालं की तलावात मोसमातलं पहिलं जाळं पडतं. त्यातल्या पहिल्या मासोळीला कुंकू लावून पाण्यात परत सोडतात. ते झाल्याशिवाय कोणी वाटे करत नाही, नाहीतर तलाव रागावतो म्हणतात.

"नाही गं," मी म्हटलं. "तसं काही नसतं." आणि हसले. ते हसणं मला महागात पडलं.

दुसऱ्या दिवशी मोहल्ल्यातलं एकही पोर आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. वर्गात नऊ डोकी उरली. हेडमास्तर दारातून डोकावले आणि बोटांवर मोजून गेले.

चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर पुस्तक काखेत मारून मी मोहल्ल्यात गेले. त्या पोरीची आई अंगणात जाळं सांधत बसली होती. शेजारच्या दोघी-तिघी जवळ होत्या. चुलीवर गंजात, म्हणजे पातेल्यात, भात शिजत होता.

"पोरं काऊन पाठवत नाही, वयनी?"

तिनं मान वर केली नाही. "आठ दिवसानं जाळं पडते, बाई. तुमच्या पुस्तकातले लोक वाटा न देता मासोळी कापतात. अन् पोट्टीनं इचारलं तं तुमी हासता. हे शिकाले पाठवू काय?"

"तलावाले आयकू येते म्हना सारं," शेजारीण म्हणाली. "बाईले नाई येत."

बाकीच्या खुदकन हसल्या. नागपूरला असताना अशा बोलण्याला मी दहा उत्तरं दिली असती. पण पोरगी आईच्या पाठीआडून पुस्तकाकडेच पाहत होती, आणि खोटं तर मीच बोलले होते.

"देल्ला होता वाटा," मी म्हटलं. कॉलेजात पुसून टाकलेली माझी बोली आपोआप तोंडात आली. "चित्र हाय त्याचं. मीच झाकलं. चुकलं माहं."

जाळ्यातली सुई थांबली. "झाकलं? काऊन?"

मी गंजावरचं झाकण काढलं आणि ते पान वाफेवर धरलं. खळ भाताचीच, भातानेच सुटली. कागद हळूहळू सोलला, तरी माशाचं शेपूट त्याच्यासोबत निघून आलं. साऱ्या जणी वाकल्या. धाकटा भाऊ हात उचलून भावांना थांबवत होता.

"मंग!" आई म्हणाली. "हा तं शहाना हाय. भावाईलेच दम नाई निघाला. आमच्या जेठावानी."

थोरल्या दिराला बसलेल्या या टोल्यावर साऱ्या अशा हसल्या की पलीकडच्या अंगणातून कोणीतरी विचारलं, काय झालं वं?

"कुठचे हायेत हे लोक?" तिनं विचारलं. "सिरोंच्याकडचे, गोदावरीवरचे?"

"समुद्राच्या पलीकडचे."

"असतीन. पर पान्याचं समजते त्यायले."

पहिलं जाळं पडलं त्या दिवशी मी मोहल्ल्यातल्या पोरांसकट सारा बालवर्ग तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, नेला. मासोळी पाण्यात सोडेपर्यंत पोरं श्वास धरून उभी होती. तलाव रागावतो हे मला तेव्हा पटलं नव्हतं, आजही पटत नाही. पण मला पटत नाही म्हणून दुसऱ्याच्या गोष्टीतलं पान झाकायचा हक्क मला बी.ए.ने दिलेला नव्हता.

संक्रांतीला हेडमास्तरांनी पोरं मोजली. परत एकदा मोजली. "तेवीस," ते म्हणाले. "दोघं-तिघं तं पाच वर्षांचेबी नाई वाटत, बाई."

"त्यायले गोष्ट समजते," मी म्हटलं. "लिहा तेवीस."

त्यांनी लिहिलं.

ते पुस्तक अजून माझ्याकडे आहे. आठव्या चित्रातलं शेपूट कोळशाचं आहे, त्या पोरीने काढलेलं. माशाच्या मानाने फारच मोठं झालंय. मी ते पुसलं नाही.